४.६ आले, पण परकशन कुणाला आलं?

पत्र

मी कोल्हापुरातल्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिनची जेआर-टू (दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर) आहे. थर्ड इयरच्या बारा मुलांचं बेडसाइड क्लिनिक, म्हणजे पेशंटजवळ उभं राहून घ्यायचा तास, आठवड्यातून तीनदा माझ्याकडे असतं, पोस्टिंग चार आठवड्यांची. मागच्या बॅचकडून शेवटच्या दिवशी फीडबॅक फॉर्म भरून घेतला. वीस प्रश्न, प्रत्येकी पाचपैकी गुण. सरासरी ४.६ आली. सर ‘गुड’ म्हणाले आणि फॉर्म फाइलला लागले. खालच्या मोकळ्या जागेत मात्र एकाने लिहिलंय ‘मॅडम फार फास्ट जातात’, दुसऱ्याने ‘थोडं स्लो होतं’, एकाने नुसतंच ‘नाद खुळा’, एकाने ‘मॅडम कधी हसत नाहीत’ आणि एकाने ‘परकशन शेवटपर्यंत कळलं नाही’ (परकशन म्हणजे बोटाने ठोकून आवाजावरून छाती तपासणं). दोन दिवस डोक्यातून जाईना. सोमवारी नवी बॅच येतेय. मी नक्की काय बदलू? की इमर्जन्सीच्या धबडग्यात हे मनावर घ्यायचंच नसतं?

— एक रेसिडेंट, कोल्हापूर

उत्तर

डॉक्टर, आधी त्या ४.६ चा विषय संपवू. बारा मुलांपैकी दहांनी पाच, एकाने चार आणि एकाने एक गुण दिला तर बेरीज ५५. सातांनी पाच आणि पाचांनी चार दिले तरी बेरीज ५५च. दोन्हीकडे भागाकार ४.५८, म्हणजे कागदावर ४.६. पहिल्या गटात एक मुलगा चार आठवडे भिंतीला टेकून नुसता उभा राहिलाय. दुसऱ्या गटात सगळे बऱ्यापैकी समाधानी आहेत. तुम्हाला त्या भिंतीजवळच्या मुलाची खबर हवी होती आणि नेमकी तीच भागाकारात विरघळली.

ते फॉर्म एकदा फाइलमधून काढून बघा. किती जणांच्या खुणा ‘पाच’च्या रकान्यातून सरळ रेषेत खाली आल्यात ते मोजा. वीस प्रश्न असले की मुलं पहिले तीन-चार वाचतात, पुढे पेन आपोआप घसरतं. त्यातून शेवटचा दिवस, लॉगबुकवरच्या (केलेल्या कामाच्या नोंदवहीवरच्या) सह्या राहिलेल्या आणि सही करणार तुम्हीच. २०१९ च्या बॅचपासून नवा कॉम्पिटन्सीचा (कौशल्यांवर आधारलेला) अभ्यासक्रम आल्यावर सहीला किती किंमत आली हे तुम्हाला ठाऊक आहे. अशा वेळी पाचपेक्षा कमी द्यायला कोण धजेल?

गुणांची आणखी एक खोड आहे. १९७० साली अमेरिकेत एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ नावाचा तज्ज्ञ म्हणून डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांपुढे उभं केलं होतं. भाषण मुद्दाम परस्परविरोधी आणि पोकळ लिहिलेलं, पण बोलणं झोकात आणि मधूनमधून विनोद. ऐकणाऱ्यांनी चांगले शेरे दिले. २०१८ साली जर्मनीतल्या म्युन्स्टरमधून आलेला अभ्यास तर वैद्यकीच्या मुलांवरचाच आहे. ज्या गटांच्या तासाला चॉकलेट कुकीज ठेवल्या होत्या त्यांनी शिक्षकाला जास्त गुण दिले, शिकवायचं साहित्य तेच असून त्यालाही जास्त दिले. तेव्हा फॉर्म वाटायच्या दिवशी जयसिंगपूरच्या भडंगाचा पुडा फोडू नका. दुसऱ्या दिवशी खुशाल फोडा.

म्हणून मुलांना तुमचे गुण विचारायचे नाहीत. तुम्ही काय केलंत आणि त्यांच्या हातून काय झालं, एवढंच विचारायचं. तुम्ही सांगितलेले लाइट्स क्रायटेरिया (छातीतल्या पाण्याचा प्रकार ठरवायचे निकष) बरोबर आहेत का, हे थर्ड इयरचा मुलगा ठरवू शकत नाही. ते बघायला सर आहेत. मागे उभं राहून तुमचं बोलणं ऐकू आलं का, पेशंटला हात लावायला मिळाला का, तुमचा प्रश्न समजला का, चुकल्यावर पुढे काय करायचं ते कळलं का, हे मात्र त्याच्याइतकं कुणीच सांगू शकणार नाही. गंगावेशीच्या तालमीत वस्ताद ‘चांगला खेळलास’ म्हणून सोडून देत नाही, ‘पट काढताना तुझी मान खाली जाते’ म्हणतो. मुलांकडून तुम्हाला असं मानेबद्दलचं वाक्य काढून घ्यायचंय. तसं वाक्य आपोआप येत नाही, प्रश्न तसा विचारावा लागतो.

ए-फोर कागदाचे चार तुकडे करा. एका तुकड्यावर दोनच प्रश्न छापा. पहिला: ‘या आठवड्यात मॅडमनी केलेली कुठली एक गोष्ट तुमच्या उपयोगी पडली? कुठल्या पेशंटच्या वेळी?’ दुसरा: ‘कुठे अडलं? पुढच्या क्लिनिकला मॅडमनी काय वेगळं केलं तर ते सुटेल?’ त्याखाली एकच होय-नाही: ‘आज मी स्वतः तपासणी केली.’ बस्स. ‘काही सूचना?’ असं लिहू नका, त्याचं उत्तर ‘नाही मॅडम, छान होतं’ हे ठरलेलं असतं. ‘कुठल्या पेशंटच्या वेळी’ हे शब्द गाळू नका. ते असले की ‘नाद खुळा’ लिहिणाऱ्यालाही क्षणभर आठवावं लागतं.

आता वेळ. आठवड्याला तीन म्हणजे पोस्टिंगमध्ये बारा क्लिनिकं. पहिली चिठ्ठी तिसऱ्या क्लिनिकला घ्या. शेवटच्या दिवशी घेतलेल्या फीडबॅकचा फायदा फार तर पुढच्या बॅचला होतो, लिहिणाऱ्याला काहीच मिळत नाही. हे मुलांना बरोबर समजतं, म्हणून ती मन लावून लिहीत नाहीत. चौथ्या क्लिनिकला चिठ्ठ्यांचं उत्तर द्यायचं, सातव्याला बदल लागू पडला का ते बघायचं, अकराव्याला दुसरी चिठ्ठी. बारावं मोकळं ठेवा, कारण एखादं क्लिनिक इमर्जन्सीत जाणारच.

चिठ्ठ्या घेताना क्लिनिक संपायला पाच मिनिटं उरली की थांबा, तुकडे वाटा आणि तिथून निघून जा. सीआरने (वर्गप्रतिनिधीने) घड्या घातलेल्या चिठ्ठ्या पाकिटात गोळा करून नर्सिंग स्टेशनवर ठेवाव्यात. सीआरकडून सारांश मात्र मागू नका. तो बिचारा टोकदार वाक्यं गाळून तुम्हाला आवडेल तेवढंच सांगतो. बारा जणांत अक्षर ओळखू येतं, म्हणून ज्या लॉगबुकवर सह्या द्यायच्यात त्या आधी देऊन टाका आणि सही झाल्यावरच चिठ्ठी वाटा. गुगल फॉर्म वापरणार असाल तर ईमेल गोळा करायचा पर्याय बंद आहे ना, ते बघून घ्या. तरीही उत्तरांच्या शीटमध्ये प्रत्येक ओळीला वेळ नोंदलेली असते. रात्री पावणेबाराला एकट्यानेच उत्तर दिलं असेल आणि त्याच वेळी तो ग्रुपवर जागा दिसला असेल, तर नाव लपलं कुठे? छोट्या गटाला कागदच बरा. ज्या दिवशी कुणाला झापलं असेल त्या दिवशी चिठ्ठी नको. त्या दिवशी उत्तर झापण्याला मिळतं.

चिठ्ठ्या घरी नेऊ नका, ड्यूटी रूममध्ये चहाबरोबर दहा मिनिटांत उरका. त्यांचे तीन गठ्ठे करा. उद्या माझ्या हाताने बदलता येईल ते पहिल्यात. माझ्या हातात नाही ते दुसऱ्यात: वॉर्डात जागा नाही, पंख्याचा आवाज, बारा मुलांना एकच पेशंट. तिसऱ्यात शिकवण्याशी संबंध नसलेलं. ‘मॅडम कधी हसत नाहीत’ तिसऱ्यात टाका आणि सोडून द्या. रात्रभर जागलेल्या पुरुष रेसिडेंटबद्दल अशी चिठ्ठी सहसा येत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतून आलेल्या एका छोट्या प्रयोगात ऑनलाइन वर्गाला तोच शिक्षक कधी पुरुषाच्या, कधी बाईच्या नावाने दिला होता. पुरुषी नावाला जास्त गुण मिळाले. मात्र त्याच चिठ्ठीत ‘प्रश्न विचारायची भीती वाटते’ असं असतं, तर ती पहिल्या गठ्ठ्यात गेली असती. हसायचं की नाही हा तुमचा प्रश्न. मुलं चूक उत्तर द्यायला घाबरतात का, हा शिकवण्याचा प्रश्न.

‘फास्ट’ आणि ‘स्लो’ एकत्र आले की बहुतेक जण सरासरी काढून मोकळे होतात: म्हणजे वेग बरोबर आहे! तसं नसतं. सहसा दोघंही खरं सांगत असतात, वेगवेगळ्या भागांबद्दल. हिस्ट्रीवर, म्हणजे पेशंटला विचारून घ्यायच्या माहितीवर, तुम्ही चाळीस मिनिटं घालवलीत, जी मुलांना बऱ्यापैकी येते. मग घड्याळ बघून साइन्स (तपासणीत सापडणारी लक्षणं) दहा मिनिटांत उरकलीत. पहिला भाग स्लो, दुसरा फास्ट. आपल्याकडे ‘फास्ट’चा आणखी एक अर्थ असतो. राधानगरीकडचे आजोबा ‘जिना चढलो की धाप लागत्या’ म्हणतात, तोवर मुलाला सगळं समजलेलं असतं. पुढे तुम्ही इंग्रजीत धापेचं ग्रेडिंग, ऑर्थोप्निया (आडवं झाल्यावर लागणारी धाप), पीएनडी (रात्री झोपेतून उठवणारी धाप) एका दमात बोलता आणि मराठी माध्यमातून आलेला मुलगा दुसऱ्या शब्दाशी मागे राहतो. उपाय साधा आहे. प्रश्न मराठीत विचारा, उत्तर मराठीत येऊ द्या, मग त्याचं इंग्रजी त्याच्याच तोंडून वदवून घ्या. परीक्षेत त्याला इंग्रजीतच सांगायचंय, म्हणून ही शेवटची पायरी टाळायची नाही.

कुठला अर्थ खरा, हे चिठ्ठीवरून ठरेना तर दुसऱ्या युनिटचा सहकारी जेआर दहा मिनिटं मागा. तुम्ही वॉर्डाबाहेर. तो मुलांना तीनच गोष्टी विचारेल: कशामुळे शिकायला मदत होते, कशामुळे अडतं, काय बदलावं. प्रत्येक मुद्द्यावर हात वर करायला लावेल आणि बारापैकी सातांना मान्य असेल तेवढंच लिहील. नावं नाहीत, ‘तो मागचा म्हणाला’ नाही. पोस्टिंगमध्ये एकदाच, साधारण सहाव्या क्लिनिकला. परतफेड म्हणून त्याच्या बॅचला तुम्ही जा. एका चिडलेल्या मुलाचं वाक्य अख्ख्या गटाचं म्हणून तुमच्या माथी बसण्याचा धोका यात टळतो.

आता तुमच्या गठ्ठ्यातली सगळ्यात मोलाची ओळ: ‘परकशन शेवटपर्यंत कळलं नाही.’ इतर चार शेऱ्यांना मिळून जेवढी किंमत नाही तेवढी या एका शेऱ्याला आहे, कारण इथे करण्यासारखं काहीतरी आहे.

वॉर्डात एरवी काय होतं? प्लूरल इफ्यूजनचा (फुप्फुसाभोवती पाणी झालेला) पेशंट बसवला जातो, रेसिडेंट पाठीवर सराईत हाताने वरून खाली वाजवत जाते आणि ‘इथे स्टोनी डल, ऐकलंत ना?’ म्हणते, म्हणजे दगडावर ठोकल्यासारखा ठस्स आवाज. समोरचे चौघे मान डोलावतात. मागच्या आठांना ट्रॉलीचा खडखडाट ऐकू येतो. पुढच्यांतले दोघे स्वतः करून बघतात, बाकीचे ‘नंतर करू’. आणि जे करतात त्यांच्या चुका ठरलेल्या. डाव्या हाताचं मधलं बोट घट्ट टेकलेलं नसतं, उरलेली बोटं मात्र छातीला चिकटून नाद मारतात. ठोका मनगटातून न येता कोपरातून येतो. बोटाच्या सांध्यावर न पडता मऊ मांसावर पडतो. ठोका देऊन उजवं बोट तिथेच विसावतं, मग आवाज दबून सगळंच डल वाटतं. नखं वाढलेली असली तर ठोका नीट बसतच नाही. शिवाय कुणी सांगितलेलंच नसतं की स्टोनी डल हे कानापेक्षा खालच्या बोटाला आधी जाणवतं. कलिंगड वाजवून घेणारा ग्राहक जेवढं कानाने ऐकतो तेवढंच बोटाने जोखतो.

हे शिकवायला पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत घ्या, आणि पेशंटकडे जायच्या आधी, डेमो रूममध्ये. पहिल्यांदा तुम्ही नेहमीच्या वेगाने, एक शब्द न बोलता करून दाखवा, एक मिनिट. मग तेच सावकाश, प्रत्येक हालचाल सांगत, तीन मिनिटं. तिसऱ्या पायरीला हात तुमचे, बोलणं मुलाचं: तो ‘आता मधलं बोट फासळ्यांच्या मधल्या जागेत घट्ट टेकवा’ म्हणेल तेव्हाच तुम्ही टेकवायचं, तो विसरला तर थांबून राहायचं. दोन-तीन मिनिटं. घाईत सगळे हीच पायरी गाळतात आणि मुलाच्या डोक्यातली चूक कळायची जागा नेमकी हीच. चौथ्या पायरीला जोड्या करून एकाने करायचं, करताना बोलायचं आणि दुसऱ्याने वरच्या चुका मोजायच्या, दहा मिनिटं.

तुलनेला पेशंट लागत नाही. स्वतःच्या मांडीवर वाजवलं की ठस्स आवाज मिळतो, तो स्टोनी डलच्या जवळचा. जोडीदाराच्या उजव्या छातीवर मिडक्लॅव्हिक्युलर रेषेत (गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून) वरून खाली येताना साधारण पाचव्या इंटरकोस्टल स्पेसला (फासळ्यांच्या मधल्या जागेला) रेझोनन्स (पोकळ, घुमणारा आवाज) संपून लिव्हरचा डलनेस (ठस्सपणा) सुरू होतो. ती कड प्रत्येकाने शोधून पेनाने खूण करायची. मुलामुलींच्या जोड्या लावू नका. छातीवर नको म्हणणाऱ्याला पाठीवर फुप्फुसाची खालची कड शोधू द्या. त्यानंतरच वॉर्डात, एका पेशंटकडे तीनच मुलं. धापेच्या माणसाच्या पाठीवर बारा जणांनी वाजवणं हा शिकवण्याचा भाग नव्हे. ‘बाबा, ही पोरं पाठीवर जरा वाजवून बघणार आहेत, चालेल न्हवं? दम लागला की सांगा, लगेच थांबवू’ हे तुम्ही मुलांसमोर म्हणा. तेही ती शिकतात.

पुढच्या क्लिनिकला ‘परकशन कळलं का?’ असं विचारू नका. सगळे ‘हो’च म्हणतील. कागदावर लिहायला लावा: तुला लिव्हरची कड कितव्या स्पेसला मिळाली, आणि मागच्या वेळी तुझ्या जोडीदाराची कुठली चूक दिसली? बारापैकी नऊ-दहांची उत्तरं जुळली तर बदल लागू पडला. पाचच जुळली तर पद्धत चुकली असं लगेच म्हणू नका. आधी मोजा, स्वतः किती जणांनी केलं होतं. चिठ्ठीवरचं ते होय-नाही त्यासाठीच आहे.

चौथ्या क्लिनिकला चिठ्ठ्यांचं उत्तर द्यायचं म्हटलं, ते एका मिनिटात. ‘सात जणांनी लिहिलं की साइन्स घाईत होतात. आजपासून हिस्ट्री वीस मिनिटांत थांबवणार. तिघांनी नोट्स मागितल्यात, त्या देणार नाही, कारण बेडजवळ बघायचं सोडून तुम्ही त्याच वाचाल.’ एक गोष्ट बदलणार, एक बदलणार नाही, दोन्हींचं कारण. हे केलं नाही तर अकराव्या क्लिनिकला बारा कोऱ्या चिठ्ठ्या परत येतील. एका वेळी एकच बदल करा. तीन एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी तिन्ही गळून पडतात.

मुलांना दिसत नाही अशी एक गोष्ट तुमची तुम्हीच तपासा. डेमो रूममधल्या दहा मिनिटांच्या चर्चेचं फोनवर रेकॉर्डिंग करा, मुलांना सांगून. वॉर्डात, पेशंटजवळ अजिबात नाही. ऐकताना दोन आकडे मांडा: मी किती प्रश्न विचारले आणि त्यांतल्या कितींची उत्तरं मीच दिली. शाळांच्या वर्गांवर मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक येतात. तीन सेकंद वॉर्डात फार लांब वाटतात. मनात ‘एक अंबाबाई, दोन अंबाबाई, तीन अंबाबाई’ म्हणा, तेवढा वेळ पुरतो. रेकॉर्डिंग ऐकून झालं की पुसून टाका.

राहिला वेळेचा प्रश्न. चिठ्ठीला पाच मिनिटं, वाचायला दहा, उत्तराला एक, आणि हे सगळं पोस्टिंगमध्ये दोनदा. सहकाऱ्याला परतफेड धरली तरी चार आठवड्यांत तास भरत नाही. इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशीचं क्लिनिक शक्य असेल तर सहकाऱ्याशी बदलून घ्या. नसेल तर त्या दिवशी नवीन काही न घेता मुलांकडून एक केस प्रेझेंट करून घ्या आणि प्रेझेंट करणाऱ्याला एकच विचारा: कुठला पुरावा पाहून तू या निदानावर आलास? त्या दिवशी चिठ्ठी घेऊ नका.

सरांचा वीस प्रश्नांचा फॉर्म विभागाच्या फाइलला लागतो, तो शेवटच्या दिवशी भरून द्याच. त्याच्याशी भांडण नको. फक्त फाइलला लावताना सोबत अर्धं पान जोडा: पहिल्या आठवड्यात मुलांनी काय लिहिलं, त्यावर काय बदललं, लिव्हरची कड बारापैकी किती जणांना सापडली. सरांनी ते पान वाचलं तर पुढच्या बॅचला फॉर्मातले प्रश्न कमी करा म्हणून विचारायला जागा होईल. सोमवारसाठी कागदाचे तुकडे मात्र आजच कापून ठेवा, आणि मुलांना पहिल्याच दिवशी नखं कापून यायला सांगा.